ऑटिझमच्या संशोधनासाठी मुलाचं रक्त द्यायचं का? (खान्देशातल्या पालकांना प्रश्न)

चोपड्याचा_बाप | शुक्रवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इथे वाचतो रोज, लिहितो क्वचित. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. साडेतीनचा असताना ऑटिझमचं निदान झालं. थेरपीसाठी चोपड्याहून जळगावला जाणं-येणं चालू आहे. एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर मोटरसायकल.

मागच्या महिन्यात थेरपीच्या मॅडमनी विचारलं की पुण्याची एक संस्था ऑटिझमच्या जनुकांवर अभ्यास करतेय, तुम्ही भाग घ्याल का? मुलाचं आणि आम्हा दोघांचं रक्त, एक लांबलचक प्रश्नावली आणि मुलाचा खेळतानाचा व्हिडिओ द्यायचा. पैसे लागत नाहीत, मिळतही नाहीत. प्रवासखर्च तेवढा देतात. संमतीचा फॉर्म चांगला जाडजूड आहे आणि पूर्ण इंग्रजीत.

बायको म्हणते देऊन टाकू. आई म्हणते, "पोऱ्याना आंगनं रगत काढीसन त्यासले काय भेटी?" मला आईच्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे आलो. कुणी असं केलंय का? मुलाला काही फायदा होतो का? आणि उद्या त्या माहितीचं काय होतं?

भुसावळ_जंक्शन | शुक्रवार, रात्री ११:०५

मी पयला.

दादा, इंग्रजी फॉर्म वाचल्याशिवाय सही करू नका. मी नोकरीत आयुष्यभर तेच केलं, आता पेन्शनच्या कागदात त्याची फळं खातोय.

बालवैद्य | शुक्रवार, रात्री ११:३८

जळगावात मुलांचा दवाखाना चालवतो, म्हणून थोडं लिहितो.

आधी खरं सांगतो. अशा अभ्यासातून तुमच्या मुलाला थेट काही मिळेल ही आशा ठेवू नका. ऑटिझमशी संबंध असलेली शंभराहून जास्त जनुकं आतापर्यंत सापडली आहेत. २०२० साली छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात ३५ हजारांवर माणसांचे नमुने तपासले आणि १०२ जनुकांकडे बोट दाखवलं. तरी बहुसंख्य मुलांत "हेच ते एक कारण" असं काही हाती लागत नाही. अनेक छोटे छोटे फरक एकत्र येऊन बनलेली ही गोष्ट आहे.

पण काही घरांत स्पष्ट उत्तर मिळतं. उदाहरणार्थ फ्रॅजाइल एक्स हा एका जनुकातल्या बिघाडाचा आजार निघाला, तर तो आईच्या बाजूने आलेला असतो. मग पुढचं मूल, मावशीची मुलं, मामेभावंडं यांच्यासाठी ती माहिती उपयोगाची ठरते. म्हणून संस्थेला पहिला प्रश्न हा विचारा: काही सापडलं तर आम्हाला कळवणार का, आणि कळवताना समुपदेशक सोबत असेल का? "नाही" म्हणाले तर तो अभ्यास फक्त विज्ञानासाठी आहे असं समजा. त्यातही गैर काही नाही, पण आधी माहीत हवं.

दुसरं असं की जगातला जनुकांचा बराचसा साठा युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. आपल्याकडच्या मुलात एखादा बदल दिसला की तो रोगाचा की आपल्या समाजात सर्रास असणारा, हेच पुष्कळदा ठरवता येत नाही. तो ठरवायला आपल्याच लोकांचे नमुने लागतात.

शंकासुर | शनिवार, सकाळी ७:१०

डॉक्टर, जनुकं जनुकं करताय, मग हे सांगा. अमेरिकेत २००० साली १५० मुलांत १ होता, आता ३१ मुलांत १ म्हणतात. वीस-बावीस वर्षांत जनुकं बदलतात काय? आमच्या गल्लीतल्या मुलाचं बोलणं दीड वर्षाच्या लसीनंतर बंद झालं, डोळ्यांनी पाहिलंय. त्यावर मोबाईल. त्यावर केळीवरची फवारणी. हे कुणी तपासायचं? रक्त काढणं सोपं आहे.

कळणा_भाकरी | शनिवार, सकाळी ७:३४

आला लसीचा विषय. मी चहा टाकते.

हिशोबनीस | शनिवार, सकाळी ९:२०

शंकासुर, प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र कंटाळवाणं आहे.

ते आकडे सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेचे. काही ठरावीक भागांतल्या ८ वर्षांच्या मुलांच्या शाळेच्या आणि दवाखान्याच्या नोंदी चाळून काढलेले. म्हणजे ते मोजतात "कागदावर किती आले" ते. ३१ मध्ये १ हा आकडा २०२२ सालचा, छापला २०२५ मध्ये. त्याच अहवालात कॅलिफोर्नियातल्या एका ठिकाणी १९ मध्ये १ आहे आणि टेक्ससमधल्या लारेडोत १०३ मध्ये १. एकाच देशात, एकाच वर्षी. हवापाण्यात पाचपट फरक नसतो, तपासणाऱ्यांत असतो. शिवाय २०१३ मध्ये निदानाचे निकष बदलले, अस्पर्जर वगैरे वेगळी खाती बंद करून सगळं एका नावाखाली आणलं. आधी ज्यांना नुसतं "मतिमंद" लिहून सोडलं जायचं, ती मुलंही आता या खात्यात येतात. खरी वाढ अजिबात नाही असं मी म्हणत नाही. कमी दिवसांची मुलं आता जगतात, आईबापांचं वय वाढलंय, त्याचाही वाटा आहे. पण आकड्याची उडी म्हणजे आजाराची उडी नव्हे.

लस: १९९८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा, १२ मुलांवरचा लेख आला, तिथून हे सुरू झालं. २०१० मध्ये तो लेख मागे घेतला आणि त्या डॉक्टरची नोंदणीही रद्द झाली. डेन्मार्कने २०१९ मध्ये ६,५७,४६१ मुलांची नोंद तपासली, ती लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत फरक दिसला नाही. गल्लीतल्या मुलाचं तुम्ही पाहिलंत ते खोटं नाही. दीड-दोन वर्षं हे वयच असं आहे की त्यात लस असते आणि त्याच वयात काही मुलांचे आलेले शब्द जातात.

जनुकांचा पुरावा जुळ्यांतून आला. १९७७ साली इंग्लंडमध्ये २१ जोड्या पाहिल्या. ११ एकसारख्या जुळ्यांत ४ जोड्यांमध्ये दोघांनाही ऑटिझम, १० वेगळ्या जुळ्यांत एकाही जोडीत नाही. अभ्यास लहान होता, पण नंतर २०१९ मध्ये पाच देशांतल्या सुमारे २० लाख मुलांवरून आनुवंशिकतेचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास निघाला. उरलेल्यात पर्यावरणाला जागा आहे. फवारणीवर अभ्यास व्हावा, मी तर म्हणतो रावेर-यावलमध्येच व्हावा. पण त्यासाठीही आधी कुणाला ऑटिझम आहे याची नीट यादी हवी ना?

कळणा_भाकरी | शनिवार, सकाळी ९:४१

आणि ते गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलचं? त्याने ऑटिझम होतो असं २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनीच टीव्हीवर सांगितलं. माझ्या वहिनीने त्या धास्तीने ताप अंगावर काढला.

हिशोबनीस | शनिवार, सकाळी ९:५८

स्वीडनचा २०२४ चा अभ्यास, सुमारे २४ लाख ८० हजार मुलं. वरवर पाहिलं तर किंचित संबंध दिसतो. मग त्यांनी सख्ख्या भावंडांची तुलना केली: एकाच्या वेळी आईने गोळी घेतली, दुसऱ्याच्या वेळी नाही. फरक गायब. वहिनींना सांगा, गरोदरपणात ताप अंगावर काढू नये, डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

निळी_छत्री | शनिवार, दुपारी १:१५

धुळ्याहून लिहितेय. माझी मुलगी १४ वर्षांची आहे. निदान झालं ती अकरा वर्षांची असताना. तोवर ती "शहाणी", "लाजाळू", "कुणाच्या अध्यात ना मध्यात". शाळेत त्रास नव्हता, घरी आल्यावर दप्तर फेकून तासभर पलंगाखाली. बाई म्हणायच्या, "इतकी शांत मुलगी, तुम्ही उगाच दवाखाने करता."

संशोधनाचा दोष असा की मोजपट्ट्या मुलग्यांवरून बनल्या. १९४३ साली डॉक्टर कॅनर यांनी अमेरिकेत ऑटिझम असलेल्या ज्या ११ मुलांचं वर्णन केलं त्यात ८ मुलगे होते. त्याही आधी, १९२५ मध्ये, सोव्हिएत रशियात सुखारेवा नावाच्या डॉक्टर बाईंनी जवळजवळ असंच वर्णन लिहिलं होतं, तेही सहा मुलग्यांचं, आणि तिला दशकानुदशकं कुणी विचारलं नाही. चार मुलग्यांमागे एक मुलगी असं वर्षानुवर्षं म्हणत आले. २०१७ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तर प्रमाण तिनास एकच्या जवळ आलं.

तरी चोपडेकर दादा, मी म्हणेन द्या. का ते सांगते. एक काळ असा होता की मोठमोठे मानसतज्ज्ञ सांगायचे, आई थंड स्वभावाची असली की मूल असं होतं. माझ्या सासूबाईंनी त्यांतला एकही ग्रंथ वाचलेला नाही, निष्कर्ष मात्र तोच. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी पुस्तक लिहून हे खोडायला घेतलं. ते स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. पुढे ते जुळ्यांचे अभ्यास आले आणि आयांच्या कपाळावरचा तो शिक्का पुसला गेला. त्या २१ जोड्यांच्या आईबापांनी "आमच्या पोराला काय मिळणार" म्हणून नकार दिला असता तर?

जिभाऊ_अमळनेर | शनिवार, दुपारी ४:०२

पोरंहो, आमच्या काळात हे नाव नव्हतं. आमच्या खेड्यात एक आण्णा होता. बोलायचा नाही. पण गावातली प्रत्येक बैलजोडी कुणाची, कोणत्या बाजारातून कधी आणली, बोटांनी सांगायचा. रोज एकाच वाटेने शिवारात जायचा, वाट बदलली तर जमिनीवर बसून राहायचा. आखाजीला कुणाच्याही घरी जेवायला बसे, कोणी उठवत नव्हतं. त्याला ना डॉक्टर लागला ना रक्ताची तपासणी. तुम्ही नाव देता आणि मग घाबरता.

गणिती_शांतता | शनिवार, संध्याकाळी ५:४७

जिभाऊ, तुमच्या आण्णांसारखाच एक माणूस ऑटिझम या नावाने निदान झालेला जगातला पहिला रुग्ण होता. कॅनर यांच्या त्या ११ मुलांतलं पहिलं नाव डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपीतल्या छोट्या गावात राहिला, घरच्यांची बँक होती तिथे नोकरी केली, गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी फिरला, २०२३ साली ८९ व्या वर्षी गेला. गावाने त्याला सामावून घेतलं होतं, हे खरं. त्याचं घर पैसेवालं होतं, हेही खरं. तुमच्या आण्णांच्या आईला कुणी विचारलं होतं का, रात्री तो झोपायचा का?

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. मूळ शिरपूरचा, आता पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. निदान कॉलेजात झालं. संशोधनाबद्दल माझी तक्रार अशी की ते आमच्याबद्दल "हात हलवणं कसं थांबेल" हे फार विचारतं. झोप का लागत नाही, लग्नातल्या डीजेने डोकं दोन दिवस का बधिर राहतं, मुलाखतीत डोळ्यात पाहिलं नाही म्हणून नोकरी का जाते, हे फारसं विचारत नाही. कानबाईच्या विसर्जनाला मी कानात बोळे घालून सगळ्यात मागे चालतो. बोळे असले की मला मिरवणूक आवडते. यावर कुणी पेपर लिहिला तर मी रक्ताची बाटली देईन.

चोपडेकर दादा, व्हिडिओचं नीट विचारा. रक्ताच्या नळीवर नाव नसतं, नंबर असतो. व्हिडिओत तुमच्या मुलाचा चेहरा आहे. तो मोठा झाल्यावर त्याला ते चालेल का? आणि सुई टोचण्याआधी त्याला त्याच्या पद्धतीने सांगा. चित्र काढून, बाहुलीला टोचून, कसंही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांत सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकार घ्यायला सांगितलंय. तुमचा लहान आहे, तरी नको म्हणण्याचा हक्क त्याला असू द्या.

भुसावळ_जंक्शन | शनिवार, संध्याकाळी ६:१०

शांतताभाऊ, डीजेवर पेपर निघाला तर नमुना म्हणून मलाही घ्या. मला ऑटिझम नाही, फक्त घर मंगल कार्यालयासमोर आहे.

सातपुडा_पायी | शनिवार, रात्री ९:३०

धडगाव-अक्कलकुवा भागात आशाताईंसोबत काम करतो. धागा वाचून थोडी चिडचिड झाली, म्हणून लांबलचक लिहितो, माफी.

भारतातल्या मुलांच्या मेंदूविकासाच्या अडचणींवर सगळ्यात उपयोगी अभ्यास मला वाटतो तो २०१८ मध्ये छापलेला. पलवल, कांगडा, ढेंकनाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद अशी पाच ठिकाणं, २ ते ९ वर्षांची ३,९६४ मुलं. नुसता ऑटिझम नाही. फिट, सेरेब्रल पाल्सी, ऐकणं, पाहणं, बोलणं, शिकणं, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), बौद्धिक वाढ अशा नऊ गोष्टी तपासल्या. सहा वर्षांखालच्यांत ९.२ टक्के आणि सहा ते नऊच्यांत १३.६ टक्के मुलांत निदान एक तरी अडचण निघाली. मोठ्या गटात म्हणजे साधारण सात-आठ मुलांमागे एक.

आता कारणांकडे या. त्यांना जे धोक्याचे घटक दिसले ते असे: घरी झालेलं बाळंतपण, जन्मताच न रडलेलं बाळ, पहिल्या महिन्यातलं आजारपण, मेंदूपर्यंत गेलेला संसर्ग, कमी वजन, कमी दिवस, खुंटलेली वाढ. ही यादी वाचली आणि मला आमच्या पाड्यांची यादी वाचल्यासारखं झालं. पावसाळ्यात बाईला झोळीत घालून डोंगर उतरवतात, नर्मदेकाठी दवाखाना बोटीने येतो. बाळ उशिरा रडतं, जगतं, आणि तीन वर्षांनी बसत नाही म्हणून आमच्याकडे येतं. त्याचं जनुक तपासून काय करू? यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं आहे, त्याला पुण्याची प्रयोगशाळा लागत नाही. रस्ता, दाई, ऑक्सिजन आणि आईच्या पोटात अन्न लागतं.

त्या पाचांत महाराष्ट्रातलं एकही ठिकाण नव्हतं. नंदुरबारचा आकडा कुणाकडे आहे?

बालवैद्य | शनिवार, रात्री १०:१२

सातपुडा, तुमच्या प्रत्येक ओळीला अनुमोदन. फक्त या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात उभ्या करू नका. जन्माच्या वेळची इजा आणि ऑटिझम यांची कारणं बऱ्याच अंशी वेगळी आहेत. चोपड्याच्या या मुलाचा जन्म दवाखान्यात, व्यवस्थित वजनाचा असेल तर तुमची यादी त्याला लागू नाही, आणि त्याच्या रक्तामुळे धडगावचा रस्ता अडत नाही.

तुमच्यासाठी एक हत्यार आधीच आहे: आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ मध्ये सुरू झालेली योजना, पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. वाढीतला उशीर हा त्यांच्या तपासणीच्या यादीतच आहे. पथक आलं की वजन-उंचीवर थांबू देऊ नका, "हे मूल हाक मारली तर बघत नाही" असं तोंडाने सांगा.

सातपुडा_पायी | शनिवार, रात्री १०:२५

सांगतो. पथक मराठीत विचारतं, घरी पावरी बोलणारं मूल गप्प बसतं. कागदावर "बोलत नाही" जातं.

आखाजीचा_झोका | रविवार, सकाळी ८:०५

वरची ओळ वाचली आणि राहवलं नाही. मी अमळनेरला विशेष शिक्षिका आहे.

माझ्याकडे एक मुलगी आली. मोठ्या शहरात तपासून आणलेली. कागदावर "सूचना समजत नाहीत". मी तिच्या आजीला म्हटलं, तुम्ही विचारा. आजी म्हणाली, "नाक कोठे शे?" पोरीने नाकावर बोट ठेवलं. कान, डोळे, पाय, सगळं दाखवलं. ऑटिझम तिला आहे, तो काही अहिराणीमुळे गेला नाही. पण समजण्याची पातळी दोन वर्षांनी खाली लिहिली गेली होती. आणि वर घरच्यांना सल्ला: घरात फक्त शुद्ध मराठी बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं. आता आजी घाबरून त्या पोरीशी बोलेचना. जी एकटी बाई दिवसभर तिच्याशी बोलायची, तिचंच तोंड बंद केलं.

या सल्ल्याला आधार नाही. २०१२ मध्ये कॅनडात ऑटिझम असलेल्या ७५ मुलांचा अभ्यास झाला, एक भाषा ऐकणारी आणि दोन भाषा ऐकणारी. दोन भाषांमुळे जास्तीचा उशीर दिसला नाही. म्हणून लेवा असो, अहिराणी असो की पावरी, ज्या भाषेत माणसाला लाड करता येतात तीच बोला.

दुसरं म्हणजे आपल्या उपयोगाचं संशोधन शोधायचं तर गोव्याकडे बघा. गोवा आणि रावळपिंडी, हो, पाकिस्तानातलं रावळपिंडी, अशा दोन ठिकाणी मिळून ६५ मुलांवर एक चाचणी झाली, २०१६ मध्ये छापली. विशेषतज्ज्ञ नाहीत म्हणून साध्या आरोग्यसेविकांना शिकवलं. त्यांनी आईबापांसोबत खेळाचे व्हिडिओ बघत, सहा महिन्यांत १२ बैठकांमधून, मुलाच्या इशाऱ्याला कसं उत्तर द्यायचं ते शिकवलं. आईबापांचं वागणं मुलाशी जास्त जुळायला लागलं, आणि मूल आपणहून संवाद जास्त सुरू करायला लागलं. एक मोजमाप उलटंही गेलं, दोघांचं लक्ष मिळून एका गोष्टीवर असण्याचा वेळ कमी भरला, आणि तेही त्यांनी छापलं. मला अशा अभ्यासावर जास्त भरवसा वाटतो. खान्देशात आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत. इथे हे कुणी करायचं मनावर घेतलं तर मी सुट्टीचे दिवस द्यायला तयार आहे.

केळीचा_घड | रविवार, सकाळी ११:२०

रावेर. आमच्या मेहुण्यांना एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकमधून फोन येत होते. स्टेम सेल, कण्यातून इंजेक्शन, "८० टक्के मुलं बोलायला लागतात". रक्कम ऐकून त्यांनी केळीचा एक बाग विकायची तयारी केली होती. हेही संशोधनच आहे असं सांगत होते. हे खरं की खोटं, जाणकारांनी सांगावं.

बालवैद्य | रविवार, दुपारी १२:०२

बाग विकू नका. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस नाही असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, त्याची जाहिरात करणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरतं.

ओळखायची साधी खूण: खऱ्या संशोधनात उपचाराचे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत. उपचाराची चाचणी असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असलीच पाहिजे, २००९ पासून सक्तीचं आहे, आणि कुणीही संगणकावर फुकट बघू शकतो. नीतीसमितीची मान्यता, केव्हाही बाहेर पडण्याची मोकळीक आणि तुम्हाला समजणाऱ्या भाषेतला फॉर्म. चोपडेकर, हे शेवटचं तुम्हालाही. इंग्रजी फॉर्मवर सही करायची नाही, मराठी मागा. तो तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नाही.

शंकासुर | रविवार, दुपारी १२:४०

डॉक्टर, पैसे घेणाऱ्यांबद्दल पटलं. मोबाईलवर अजून कुणी बोललं नाही मात्र.

हिशोबनीस | रविवार, दुपारी १:३०

"व्हर्च्युअल ऑटिझम" हा शब्द सध्या व्हॉट्सअॅपवर जोरात आहे, निदानाच्या कुठल्याच अधिकृत पुस्तकात नाही. जपानच्या २०२२ च्या अभ्यासात एक वर्षाच्या वयात जास्त स्क्रीन आणि तीन वर्षांच्या वयात ऑटिझमचं निदान यांचा संबंध मुलग्यांत दिसला. पण जे बाळ माणसांकडे कमी बघतं त्याच्याच हातात मोबाईल जास्त जातो, हेही शक्य आहे. कारण कुठलं आणि परिणाम कुठला ते त्या अभ्यासातून ठरत नाही. दोन वर्षांखाली स्क्रीन नको, हा बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचा सल्ला सगळ्याच मुलांसाठी आहे.

कळणा_भाकरी | रविवार, दुपारी २:१०

आहाराचं राहिलं. माझ्या भाचीला "गहू-दूध बंद" सांगितलंय. ग्लुटेनमुक्त पिठाचं पाकीट बघितलं, किंमत बघून परत ठेवलं. घरी ज्वारी-उडदाचा कळणा होता. झाली ग्लुटेनमुक्त भाकरी, वर ठेचा.

बालवैद्य | रविवार, दुपारी २:२५

कळणा खा, उत्तमच. पण गहू-दूध बंद केल्याने ऑटिझम कमी होतो याचा पुरावा कच्चा आहे. आधीच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाचे त्यातले दोन काढून घेऊ नका. दूध बंद करायचं तर कॅल्शियमचं कुणीतरी बघायला हवं.

भुसावळ_जंक्शन | रविवार, दुपारी २:३१

मग बट्टीचं काय?? धागा वर वाचतोय ते आता जेवण झाल्यावरच.

चोपड्याचा_बाप | गुरुवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार, आजच निवांत बसलो.

संस्थेत फोन केला. तुम्ही दिलेले प्रश्न कागदावर लिहून घेतले होते. फोनवर एक ताई होत्या, चिडल्या नाहीत. मराठी फॉर्म होता, आम्हाला पाठवायचा राहिला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आला. त्यात लिहिलंय की उपचारावर परिणाम करणारं काही सापडलं तर कळवतील, बाकी नाही. नमुना नंबरने ठेवतात, केव्हाही काढून घ्या म्हटलं तर नष्ट करतात. रक्ताऐवजी लाळ चालेल, पण रक्त दिलं तर बरं. व्हिडिओ इतर संशोधकांना देण्याच्या कलमापुढे "नाही" वर खूण करता येते.

मी आईचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्या म्हणाल्या, "आजींना सांगा, आम्हाला लेख मिळेल, तुम्हाला बहुतेक काहीच नाही. पंधरा-वीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला." आईला हे उत्तर आवडलं. डॉक्टर लोक एवढं सरळ बोलत नाहीत म्हणे. पण तिचा होकार अजून नाहीच. आम्ही ठरवलंय लाळ द्यायची, प्रश्नावली भरायची, व्हिडिओ द्यायचा नाही. प्रश्नावलीत "घरी बोलली जाणारी भाषा" या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजी आणि इतर आहे. "इतर" मध्ये अहिराणी लिहिणार.

आखाजीचा_झोका | गुरुवार, रात्री १०:०४

ठळक अक्षरात लिहा.

निळी_छत्री | गुरुवार, रात्री १०:२०

दादा, मराठी फॉर्म इथल्या दुसऱ्या पालकांनाही मागायला सांगा. आणि लगे हात: अपंगत्वाचा दाखला, यूडीआयडी कार्ड काढलं का? २०१६ च्या कायद्याच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. दाखल्याच्या वेळी इसा नावाची ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात. दाखला मिळाला की नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण आहे, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. जाण्या-येण्यात खिसा रिकामा होतो ते मला माहीत आहे.

वाचनमात्र_पारोळा | शुक्रवार, सकाळी ६:५५

पहिल्यांदाच लिहिते. पुतणी २२ महिन्यांची आहे. हाक मारली तर बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, हात धरून नेते. घरचे म्हणतात बापही उशिरा बोलला होता, थांबा. संशोधन वगैरे ठीक, पण सुरुवात कुठून करायची?

बालवैद्य | शुक्रवार, सकाळी ७:४०

थांबू नका. पहिली गोष्ट कानाची तपासणी, बेरा नावाची. हाकेला न बघणारं मूल आधी ऐकतंय का ते पाहायचं, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. सोबत एम-चॅट ही २० प्रश्नांची यादी बालरोगतज्ज्ञांकडून भरून घ्या, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीच आहे. ती निदान करत नाही, पुढे नीट तपासायचं की नाही एवढं सांगते. ऑटिझम आहे की नाही हे ठरायच्या आधीच खेळ आणि संवादाचं काम सुरू करता येतं, त्याने नुकसान काही नाही. जाताना पुतणी घरी कशी खेळते त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या, दवाखान्यात मुलं वेगळीच वागतात.

आखाजीचा_झोका | शुक्रवार, सकाळी ७:५२

पारोळ्याहून अमळनेर जवळ आहे ताई. व्यनि करते. आणि दिवसभर तिला जी सांभाळते, तिलाच सोबत आणा.